मालक पैसे ओततोय, पण कोणत्या कागदावर?

हा प्रश्न दर जानेवारीत, खेळाडूंच्या खरेदी-विक्रीच्या महिन्यात, नव्याने पेटतो. इंग्लंडच्या चॅम्पियनशिपमधला, म्हणजे प्रीमियर लीगच्या खालच्या दुसऱ्या स्तरातला, एक मधल्या फळीतला फुटबॉल क्लब. प्लेऑफची, म्हणजे वर जाण्यासाठीच्या हंगामअखेरच्या बाद सामन्यांतली, जागा चार-पाच गुणांवर आहे आणि मालक म्हणतो, पगाराची ठरलेली मर्यादा मी ओलांडणार नाही. लगेच चाहत्यांत दोन तट पडतात. एका तटाचं म्हणणं, याला वर जायचंच नाही, क्लब विकून मोकळा हो. दुसऱ्याचं म्हणणं, बुडण्यापेक्षा हे बरं. यात बरोबर कोण, आणि बाहेरून बघणाऱ्या चाहत्याला ते ओळखता कसं येईल, असं विचारलं आहे.

माझं मत आधी मांडतो. मालकाने किती खर्च केला यावरून क्लबची महत्त्वाकांक्षा कळत नाही. दर महिन्याला खड्डा किती पडतो, तो भरायला येणारा पैसा कर्ज म्हणून येतो की भांडवल म्हणून, आणि मैदान कोणाच्या नावावर आहे, हे तिन्ही एकत्र पाहिल्याशिवाय 'मालक चांगला' किंवा 'मालक कंजूष' म्हणण्यात अर्थ नाही.

आधी खड्ड्याचा हिशोब मांडू. आकडे नमुन्याचे आहेत, पण चॅम्पियनशिपच्या मध्याला धरून आहेत. २५ खेळाडू, सरासरी पगार आठवड्याला १५,००० पौंड. वर्षाचे झाले १ कोटी ९५ लाख. त्यावर क्लबने भरायची नॅशनल इन्शुरन्सची (सरकारी सामाजिक विम्याची) वर्गणी १५ टक्के, म्हणजे आणखी २९ लाख. प्रशिक्षक, फिजिओ, विश्लेषक, अकादमी आणि कार्यालय धरलं की पगारखर्च तीन कोटींच्या घरात जातो. आता उत्पन्न. घरचे लीग सामने २३, सरासरी २०,००० प्रेक्षक, कर वजा जाता माणशी २० पौंड धरले तर ९२ लाख. ईएफएलच्या (प्रीमियर लीगखालच्या तीन स्तरांच्या संघटनेच्या) प्रसारण करारातला वाटा आणि प्रीमियर लीगकडून खालच्या क्लबांना मिळणारी सॉलिडॅरिटी रक्कम मिळून साधारण एक कोटी. प्रायोजक, दुकान, खानपान यांचे ६० लाख धरा. एकूण अडीच कोटी. म्हणजे नुसत्या पगारातच पन्नास लाखांची तूट. वीज, प्रवास, सुरक्षा, मैदानाची देखभाल आणि खेळाडूंच्या ट्रान्सफर फीचा वार्षिक हप्ता अजून धरलेलाच नाही. तो धरला की वर्षाला दीड कोटीचा खड्डा सहज पडतो. महिन्याला बारा-तेरा लाख पौंड कोणीतरी खिशातून घालायचे, तेही क्लब कुठलाही वेडेपणा करत नसताना.

एखादाच क्लब असा चालतो असं समजू नका. डेलॉइट या लेखापरीक्षण कंपनीच्या वार्षिक आढाव्यानुसार २०१८-१९ मध्ये चॅम्पियनशिप क्लबांचा एकत्रित पगारखर्च त्यांच्या उत्पन्नाच्या १०७ टक्के होता. प्रेक्षकांविना खेळलेल्या २०२०-२१ मध्ये तो १२५ टक्क्यांवर गेला. शंभर पौंड कमवायचे आणि सव्वाशे पगारात वाटायचे, असं अख्खं लीग चालत होतं.

याचं मोठं कारण पॅराशूट रक्कम. प्रीमियर लीगमधून खाली आलेल्या क्लबला तिथल्या प्रसारण उत्पन्नातल्या समान वाट्याचे पहिल्या वर्षी ५५ टक्के, दुसऱ्या वर्षी ४५ आणि तिसऱ्या वर्षी २० टक्के मिळतात. एकच हंगाम वर राहून खाली आलेल्याला तिसरं वर्ष मिळत नाही. पहिल्या वर्षीची रक्कम चार कोटींच्या वर जाते. तुमच्या क्लबचं सगळं उत्पन्न अडीच कोटी आणि शेजारच्या क्लबला पहिला चेंडू पडायच्या आधीच चार कोटी. अशा प्रतिस्पर्ध्याशी पगारात बरोबरी केली नाही म्हणून मालकाला दोष देणं मला अन्यायाचं वाटतं. दोष या वाटणीचा आहे, आणि चाहत्यांनी राग काढायचा तर तो तिथे काढावा.

आता तोट्याचा नियम, कारण 'श्रीमंत आहे ना, मग टाक पैसे' हे वाक्य इथे येऊन अडकतं. चॅम्पियनशिपमध्ये तीन हंगामांत मिळून ३ कोटी ९० लाख पौंडांपर्यंत तोटा चालतो. हंगामामागे १ कोटी ३० लाख. पण त्यातले फक्त ५० लाख बिनशर्त आहेत. उरलेले ८० लाख मालकाने भागभांडवल म्हणून घातले तरच चालतात. कर्ज म्हणून दिले तर तीन वर्षांची मर्यादा थेट दीड कोटीवर येते. म्हणजे तोच मालक, तेवढेच पैसे, पण कागद वेगळा असेल तर क्लबला खर्चायला मिळणारी जागा निम्म्याहून कमी होते. अकादमी, महिला संघ, समाजकार्य आणि मैदानासारख्या स्थावर मालमत्तेचा घसारा या हिशोबातून वगळतात. त्यामुळे मालक सराव केंद्रावर किंवा अकादमीवर खर्च करत असेल, तर 'हे पैसे स्ट्रायकरवर का नाही' हा प्रश्न चुकीचा ठरतो. त्या पैशाला मर्यादा नाही, स्ट्रायकरच्या पगाराला आहे.

कर्ज आणि भांडवलातला फरक नियमापुरता राहत नाही. भांडवल एकदा घातलं की ते क्लबचं झालं. मालकाला ते परत हवं असेल तर शेअर विकायला गिऱ्हाईक शोधावं लागतं. कर्ज मात्र ताळेबंदात देणं म्हणून बसतं, मग ते बिनव्याजी का असेना. मालकाचं इतर धंद्यात बिनसलं, घरात वाटण्या झाल्या किंवा त्याचं मन उडालं, की तेच कर्ज विक्रीच्या वाटाघाटीत पहिला आकडा होऊन समोर येतं. बिनव्याजी कर्जावर वर्षानुवर्षं नीट चाललेले क्लब आहेत. ब्रायटनच्या टोनी ब्लूमचं उदाहरण सगळे देतात आणि ते योग्यच आहे. पण तिथे मैदान, सराव केंद्र आणि खेळाडूंची विक्री या तिन्हींतून क्लबची स्वतःची किंमत वाढत गेली. कर्ज वाढतंय आणि त्यासमोर क्लबकडे उभं काहीच राहत नाही, अशी स्थिती असेल तर ती उदारता क्लबवरचं ओझं आहे.

खेळाडूची किंमत वर्तमानपत्रात एकरकमी दिसते, हिशोबात तशी नसते. एक कोटीला चार वर्षांच्या करारावर घेतलेला खेळाडू दरवर्षी २५ लाखांचा खर्च दाखवतो. त्याचा पगार आठवड्याला २०,००० असेल तर वर्षाला १० लाख ४० हजार वेगळे. दोन वर्षांनी तो ६० लाखांना विकला तर चाहते म्हणतात, चाळीस लाख बुडवले. हिशोबात मात्र त्याची उरलेली किंमत ५० लाख असते, म्हणून विक्रीवर १० लाख नफा दिसतो. अकादमीतून आलेल्या मुलाची पुस्तकी किंमत शून्य असते. तो ६० लाखांना गेला तर साठच्या साठ लाख नफा. घरच्या पोरालाच आधी का विकतात, याचं उत्तर बहुतेक वेळा या एका ओळीत असतं. हे मनाला लागतं, आणि नियमांनी घरच्या खेळाडूवरच विक्रीचा दाब आणावा हे मला चूक वाटतं. पण मालकाने ते मुद्दाम केलं असं समजू नये.

विकण्याची वेळ किती महत्त्वाची असते ते नॉटिंगहॅम फॉरेस्टच्या प्रकरणात दिसलं. २०२२ मध्ये प्लेऑफ जिंकून ते वर आले. २०२२-२३ पर्यंतच्या तीन हंगामांसाठी त्यांची मर्यादा होती चॅम्पियनशिपच्या दोन वर्षांचे १ कोटी ३० लाख प्रत्येकी आणि प्रीमियर लीगच्या एका वर्षाचे साडेतीन कोटी, एकूण ६ कोटी १० लाख. ती त्यांनी ३ कोटी ४५ लाखांनी ओलांडली. ब्रेनन जॉन्सन हा अकादमीचा खेळाडू जूनअखेरच्या आत विकला असता तर तूट भरली असती. त्यांनी थांबून १ सप्टेंबर २०२३ ला त्याला ४ कोटी ७५ लाखांना विकलं. किंमत चांगली आली, पण ती पुढच्या हिशोबवर्षात गेली. मार्च २०२४ मध्ये चार गुण कापले गेले. जूनच्या शेवटच्या आठवड्यात तुमचा क्लब घाईने कोणाला विकत असेल, तर आधी हिशोबवर्ष कधी संपतं ते बघा.

मधल्या फळीतल्या क्लबांना मात्र ट्रान्सफर फीपेक्षा पगाराचे करार जास्त बुडवतात. फी एकदा देऊन होते, करार चार वर्षं चालतो. एकतीस वर्षांच्या नावाजलेल्या मिडफिल्डरला 'वर जायचंय' म्हणून तीन वर्षांचा करार आठवड्याला ३०,००० ने दिला, तर एकूण बांधिलकी ४६ लाख ८० हजार. वर गेलात तर तो प्रीमियर लीगला पुरत नाही, नाही गेलात तर त्या पगारावर त्याला दुसरा कोणी घेत नाही. दुसरं नुकसान ड्रेसिंग रूममध्ये होतं. एकाला तीस हजार मिळाले की आधीपासून पंधरावर खेळणाऱ्यांच्या एजंटांचे फोन सुरू होतात, आणि पुढच्या प्रत्येक नूतनीकरणाचा पाया वर सरकतो. हा परिणाम त्या एका खेळाडूच्या पगारापेक्षा महाग पडतो.

नीट चालवलेल्या क्लबाच्या करारांत रेलिगेशनचं कलम असतं. संघ खाली गेला की पगार आपोआप ठरलेल्या टक्क्याने कमी. प्रमोशनच्या बाजूने बोनस आणि पगारवाढ. दुसऱ्या कलमाला कोणी नाही म्हणत नाही. पहिलं मात्र एजंट काढून टाकायला बघतो, आणि घाईत असलेला क्लब ते सोडून देतो. खाली गेल्यावर वर्षभरात मोडलेल्या क्लबांचे करार पाहिले तर हे कलम बहुधा कुठेतरी सुटलेलं सापडेल.

आणि मैदान. तोट्याच्या मर्यादेत बसण्यासाठी काही मालकांनी क्लबचं मैदान स्वतःच्याच दुसऱ्या कंपनीला विकलं. कागदावर नफा दिसला, त्या वर्षाची मर्यादा पाळली गेली. शेफील्ड वेन्सडेने हिल्सबरो असं सहा कोटींना विकलं. विक्री चुकीच्या हिशोबवर्षात दाखवल्याबद्दल २०२० मध्ये त्यांचे १२ गुण कापले, अपिलात ते सहा झाले. २०२५ मध्ये खेळाडूंचे पगार थकले, ऑक्टोबरमध्ये क्लब अ‍ॅडमिनिस्ट्रेशनमध्ये (देणी भागत नाहीत म्हणून बाहेरच्या प्रशासकाच्या ताब्यात) गेला आणि पुन्हा १२ गुण गेले. डर्बी काउंटीचंही मैदान असंच मालकाच्या कंपनीकडे गेलं होतं. सप्टेंबर २०२१ मध्ये अ‍ॅडमिनिस्ट्रेशनचे १२ आणि नोव्हेंबरमध्ये हिशोबातल्या उल्लंघनाचे ९ असे २१ गुण कापले गेले, आणि त्या हंगामात ते लीग वनमध्ये, म्हणजे तिसऱ्या स्तरात, घसरले. क्लब विकत घेऊ पाहणाऱ्यांपुढे मैदान हा वेगळा व्यवहार होऊन बसला. मालकाच्या कंपनीकडे मैदान म्हणजे क्लब स्वतःच्याच घरात भाडेकरू. ईएफएलने पुढे ही पळवाट बंद केली, पण तोवर विकली गेलेली मैदानं आपोआप परत आली नाहीत.

अ‍ॅडमिनिस्ट्रेशन म्हणजे 'कर्ज माफ, नवी सुरुवात' असं अनेक जण समजतात. प्रत्यक्षात खेळाडू आणि इतर क्लब यांची देणी पूर्ण द्यावी लागतात, नाहीतर लीगमधली जागा टिकत नाही. बाकी साध्या देणेकऱ्यांना पौंडामागे किमान २५ पेन्स द्यावे लागतात, नाहीतर पुढे आणखी १५ गुण जातात. म्हणजे मैदानाबाहेरचा छपाईवाला, केटरर, रुग्णवाहिका पुरवणारी संस्था यांच्या शंभर पौंडांतले पंचाहत्तर बुडू शकतात, आणि आठवड्याला ३०,००० घेणाऱ्याला पूर्ण मिळतात. 'बुडालो तरी चालेल, पण एकदा वर जाऊ' असं म्हणताना हे हिशोबात धरायला हवं.

बरी या क्लबचं उदाहरण तर याहून कठोर आहे. एप्रिल-मे २०१९ मध्ये ते लीग टूमधून, म्हणजे चौथ्या स्तरातून, वर चढले. त्याच वर्षी २७ ऑगस्टला ईएफएलने त्यांना काढून टाकलं. १८९४ पासून लीगमध्ये असलेला क्लब प्रमोशन मिळवलेल्या वर्षीच लीगबाहेर फेकला गेला, आणि याचं एक मोठं कारण म्हणजे ते प्रमोशन परवडणार नाही अशा पगारांवर मिळवलेलं होतं.

मग पगार न फुगवता वर जाता येतं का? येतं, पण त्यासाठी विक्रीची साखळी लागते. ब्रेंटफर्ड ऑगस्ट २०२० मध्ये प्लेऑफचा अंतिम सामना फुलमकडून हरले. त्यानंतर त्यांनी ओली वॉटकिन्स अ‍ॅस्टन व्हिलाला २ कोटी ८० लाखांना विकला, सईद बेनरामाही वेस्ट हॅमला गेला. चाहत्यांना वाटावं की आता संपलं. त्यांनी पीटरबरोकडून आयव्हन टोनी आणला, त्याने लीगमध्ये ३१ गोल केले आणि मे २०२१ मध्ये स्वान्सीला २-० हरवून ब्रेंटफर्ड वर गेलं. मात्र यातून 'पैसे लागतच नाहीत' असा अर्थ काढू नका. मालक मॅथ्यू बेनम यांनी त्याआधी वर्षानुवर्षं मोठी रक्कम घातली होती. ती खेळाडू शोधण्याच्या यंत्रणेवर, नव्या मैदानावर आणि विक्री होईपर्यंतचा खड्डा भरण्यावर गेली. वॉटकिन्सला त्यांनी घेतलं होतं एक्सेटर सिटीकडून. तो क्लब २००३ पासून चाहत्यांच्या ट्रस्टच्या मालकीचा आहे, अकादमीतली मुलं आणि पुढच्या विक्रीतला वाटा यांवर चालतो, आणि आपल्या ऐपतीच्या पातळीवर टिकून आहे.

ट्रस्टच्या मालकीला मर्यादा आहे हेही मान्य करायला हवं. पोर्ट्समथला २०१३ मध्ये चाहत्यांनी वाचवलं, देणी फेडली, आणि २०१७ मध्ये सभासदांच्याच मतदानाने क्लब मायकल आयस्नर यांच्या कंपनीला विकला, कारण फ्रॅटन पार्कच्या दुरुस्तीलाच मोठं भांडवल लागणार होतं. माझ्या दृष्टीने ही विक्री योग्य पद्धतीने झालेली आहे: विकणाऱ्याला घाई नव्हती आणि क्लबावर ओझं नव्हतं.

घाईत विकण्याचं टोक विगन या क्लबात दिसलं. २०२० च्या उन्हाळ्यात मालकी बदलली आणि काही आठवड्यांत, १ जुलैला, क्लब अ‍ॅडमिनिस्ट्रेशनमध्ये गेला. १२ गुण कापले नसते तर ते तेराव्या क्रमांकावर असते. कापल्यामुळे खाली गेले. 'कोणीही चालेल, हा नको' या घोषणेचं उत्तर त्या एका महिन्यात आहे. जुलै २०२५ मध्ये मंजूर झालेल्या फुटबॉल गव्हर्नन्स कायद्याने स्वतंत्र नियामक आणला आहे. वरच्या पाच स्तरांतल्या क्लबांना परवाना, मालकाच्या पैशाच्या उगमाची तपासणी आणि मैदान विकण्यावर बंधन ही त्यातली उपयोगाची कलमं. पण नियामक असला तरी चाहत्याने कागद वाचायचं सोडू नये.

कागद मोफत मिळतात. कंपनीज हाउसच्या संकेतस्थळावर क्लबचं नाव घाला, पण तिथे थांबू नका. क्लबच्या वर असलेली धारक कंपनी शोधा, कारण कर्ज बहुधा तिच्या पुस्तकात असतं. आधी तारीख बघा. खासगी कंपनीला वर्ष संपल्यापासून नऊ महिन्यांत हिशोब द्यावे लागतात, म्हणजे ३० जूनला वर्ष संपत असेल तर ३१ मार्चपर्यंत. उशीर झाला किंवा हिशोबवर्षच बदललं, तर ती पहिली धोक्याची खूण. मग पगारखर्चाला उत्पन्नाने भागा, पण उत्पन्नातून पॅराशूट रक्कम वगळून. ती जाणारच आहे. त्यानंतर शेवटच्या टीपा: एका वर्षात द्यायची देणी, संलग्न पक्षांशी व्यवहार, आणि ताळेबंदानंतरच्या घडामोडी. या शेवटच्या टीपेत वर्ष संपल्यावर कोणाला विकलं आणि मालकाने किती घातले ते सापडतं. तारणाची नोंद वेगळ्या यादीत असते. पुढच्या हंगामाचे प्रसारणाचे पैसे किंवा ट्रान्सफरचे येणारे हप्ते कोणाकडे गहाण असतील तर क्लब उद्याचे पैसे आज खातोय. शेवटी लेखापरीक्षकाचा अहवाल वाचा. क्लब चालू राहण्याबाबत महत्त्वाची अनिश्चितता आहे असं त्याने लिहिलं असेल, तर ते वाक्य मालकाच्या दहा मुलाखतींपेक्षा जड आहे.

वर जाणं म्हणजे सुटका, हेही आता उरलेलं नाही. २०२३-२४ मध्ये वर आलेले लुटन, बर्नली आणि शेफील्ड युनायटेड तिघेही त्याच हंगामात खाली गेले. २०२४-२५ मध्ये इप्सविच, लेस्टर आणि साउदॅम्प्टन यांचंही तेच झालं. लुटन तर लागोपाठ दोनदा घसरून लीग वनला पोचलं. म्हणून वर जाण्याचा बेत विचारताना खाली येण्याचाही बेत विचारावा लागतो.

मूळ प्रश्नातल्या मालकाबद्दल इतकंच म्हणता येईल. तो खड्डा भागभांडवलाने भरत असेल, मैदान क्लबच्या नावावर असेल, करारांत रेलिगेशनचं कलम असेल आणि अकादमीवर पैसा जात असेल, तर जानेवारीत हात आखडता घेणारा तो मालक पहिल्या तटाला वाटतो त्याहून कितीतरी गंभीरपणे प्रमोशनची तयारी करतोय. पण खेळाडूही घेत नाही, कर्जही वाढतंय आणि तारणांची यादीही लांबतेय, तर मर्यादेचं कारण सांगून तो फक्त गिऱ्हाइकाची वाट बघत असण्याची शक्यता जास्त. पुढच्या चाहता सभेत स्ट्रायकरचं नाव विचारण्याआधी हे विचारा: पुढच्या बारा महिन्यांचा खड्डा भरण्याची हमी मालकाने लेखी दिली आहे का, ती कोणत्या कंपनीच्या नावावर आहे, आणि जुन्या कर्जातलं किती यंदा शेअरमध्ये बदलणार आहात? उत्तर आकड्यात द्यायला लावा आणि सभेच्या इतिवृत्तात नोंदवून घ्या. पुढच्या ३१ मार्चला हिशोब आले की ते पडताळून बघता येतील.